वारा अडवला, वेग कोण अडवणार?

मालेगावला माझी अम्मी राहते. मी मीरा रोडला. मधलं अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने जायचं तर मीरा रोडहून आधी दादर गाठा, तिथून मनमाड, मनमाडहून पुन्हा बस किंवा जीप. तिकीट हमखास वेटिंगमध्ये. म्हणून गेली काही वर्षं मी सरळ मोटरसायकल काढतो. घोडबंदर रोड, ठाणे, भिवंडी बायपास, कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव. बायको दर वेळी नको म्हणते, आणि दर वेळी डब्यात पराठे बांधून देते.

पावसाळा सोडला तर हा रस्ता तसा त्रासाचा नाही. त्रास होतो तो डिसेंबर-जानेवारीत. मीरा-भाईंदरमध्ये थंडी म्हणजे पंखा एकच्या आकड्यावर ठेवणं. खाडीच्या आणि मिठागरांच्या कुशीत राहणाऱ्या आम्हा लोकांना स्वेटर हा कपाटातला पाहुणा. पण कसारा चढून इगतपुरीला आलात की गोष्ट बदलते, आणि पुढे निफाड तालुक्याची हद्द लागली की बोटं आपली आहेत की दुसऱ्याची हेच कळेनासं होतं. निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. ती बातमी ताशी साठच्या वेगाने अंगावर घेणं हा वेगळा अनुभव आहे.

आकड्यांत सांगायचं तर असं. थंड हवेत वारा लागल्यावर माणसाला नेमकी किती थंडी जाणवते, हे मोजायचं एक सूत्र 2001 पासून अमेरिका आणि कॅनडाचं हवामान खातं वापरतं. त्या सूत्राने हिशेब केला, तर 10 अंशांच्या सकाळी ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला जाणवणारी थंडी सुमारे 5 अंशांची असते. कारण साधं आहे. आपल्या त्वचेभोवती अंगाच्या उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, निसर्गाने दिलेली चादरच म्हणा. वारा ती चादर सतत ओढून नेतो आणि शरीर सतत नवी विणत बसतं. दोन तासांनी ते थकतं.

यावरचा जुना उपाय आमच्या चाचांनी शिकवला होता. स्वेटरच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची घडी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, घरी दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रं येतात, त्यामुळे छातीवर एक ‘इन्किलाब’ आणि एक मराठी पेपर अशी समसमान वाटणी करून मी कित्येकदा कसारा ओलांडला आहे. ऊब दोन्हींची सारखीच लागते.

दोन वर्षांपूर्वी मात्र मी सुधारलो. गाडीला पुढची काच बसवून घेतली. काच म्हणायची, पण असतं ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक. हँडलच्या वर, हेडलाइटला धरून चार नटबोल्टांवर उभं राहतं. बसवणाऱ्या मेकॅनिकने विचारलं, ‘‘सर, लहान लावू की मोठी?’’ मी म्हटलं, ‘‘मोठी.’’ शिक्षकाला वाटतं, पैसे तेवढेच तर घ्यावं मोठं.

ही वस्तू माझ्या पिढीला नवी नाही. चाचांच्या बजाज चेतकवर अशी काच होती. 1972 साली आलेली ती स्कूटर म्हणजे आमच्या लहानपणीचं वैभव. उन्हाने पिवळी पडलेली, चरे गेलेली ती काच, तिच्यावर आतून चिकटवलेलं 786, आणि तिच्यामागे मफलर गुंडाळून ताठ बसलेले चाचा. पण त्या स्कूटरची धावच मुळात बेताची होती. काचेने चाचांना ऊब दिली, वेग वाढवून देणं तिला शक्यच नव्हतं. आजची साधी दीडशे सीसीची गाडी सहज शंभरी गाठते. काच तीच, मागची गाडी बदलली. हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

पहिल्याच फेरीत मी काचेचा आशिक झालो. छातीवर वारा नाही, हेल्मेटमध्ये सूं-सूं आवाज नाही, मान ताठरत नाही, किडे तोंडावर आदळत नाहीत. नाशिकला चहासाठी उतरलो तेव्हा हात थरथरत नव्हते. मालेगावला पोचलो तेव्हा अम्मी म्हणाली, ‘‘आज तू थकलेला दिसत नाहीस.’’ हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. वाऱ्याशी झुंजत आलेल्या माणसाची बोटं ब्रेकवर उशिरा वळतात, डोकं सुन्न होतं. तेव्हा काच ही नुसती चैन आहे असं मी म्हणणार नाही. लांबच्या रस्त्यावर ती सुरक्षिततेचीही गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू.

मागच्या जानेवारीत मालेगावहून परत येत होतो. मागे माझा थोरला मुलगा, दहावीतला. फजरची नमाज पढून निघालो. राहूड घाट ओलांडला, चांदवड मागे पडलं. उजाडत होतं, रस्ता मोकळा, चार पदरी, गुळगुळीत. मी मजेत होतो. वडाळीभोईच्या पुढे मुलाने पाठीवर हाताने थोपटलं. मला वाटलं, बसून अवघडला असेल. थोड्या वेळाने पुन्हा थोपटलं. मी आरशात बघून मान हलवली, म्हणजे आलंच पिंपळगाव, चहा घेऊ. आणि तेव्हाच समोर कांद्याचा ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, धुळीच्या रंगाची ताडपत्री.

दिसला तेव्हा मला वाटलं, भरपूर अंतर आहे. मी साठ-पासष्टने चाललो आहे, आरामात थांबेन. ब्रेक दाबले आणि गाडी थांबेना. मागचं चाक सरकलं. कसाबसा ट्रॉलीच्या डावीकडून कच्च्या पट्टीवर उतरलो आणि खडीत गाडी उभी राहिली. त्या आधीच्या क्षणात नजर मीटरवर गेली होती. काटा 88 वर होता.

पासष्ट आणि अठ्ठ्याऐंशी. शाळेतल्या मुलांना समजावतो तसं स्वतःला समजावू द्या. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असं धरा. 65 च्या वेगात तेवढ्यात गाडी 18 मीटर जाते, 88 च्या वेगात 24 मीटर. आणि थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पावणेदोन पटीहून जास्त. चार पदरी महामार्गावर मोटरसायकलला केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार कमाल वेग 80 आहे. म्हणजे आयुष्यात कधी सिग्नल न तोडणारा हा मास्तर कायदा मोडून चालला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

रस्त्याच्या कडेला बसून आम्ही पाणी प्यायलो. मुलगा गार पडला होता, शब्दशः. त्याचे ओठ निळसर झाले होते. मी विचारलं, ‘‘थोपटत कशाला होतास?’’ तो म्हणाला, ‘‘अब्बू, खूप वारा लागत होता. तुम्ही फार जोरात चालवत होतात.’’

हे वाक्य मी वर्षभर डोक्यात घेऊन फिरतो आहे. वारा त्याला लागत होता, मला नाही. काचेवरून उडालेला वारा कुठे जातो, याचा मी विचारच केला नव्हता. तो माझ्या डोक्यावरून जाऊन मागे बसलेल्याच्या तोंडावर आणि छातीवर आदळतो, तोही भोवरे घेऊन. माझ्या वाटची थंडी मी मुलाकडे सरकवली होती. आणि तिच्याबरोबर वेगाची जाणीवही. गाडी मी चालवत होतो आणि वेग त्याला कळत होता.

असं का होतं? वेग मोजणारं कुठलंही इंद्रिय माणसाला दिलेलं नाही. आपण तो अंदाजाने ओळखतो. डोळ्यांना कडेची झाडं मागे पळताना दिसतात, कानांना वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज येतो, अंगाला वाऱ्याचा दाब आणि गाडीची थरथर जाणवते. हे तीन साक्षीदार. त्यांतला वारा मोटरसायकलवाल्यासाठी सगळ्यात प्रामाणिक, कारण त्याचा दाब वेगाबरोबर सरळ वाढत नाही, वर्गाने वाढतो. चाळीसवर छातीला जेवढा धक्का बसतो, त्याच्या चौपट ऐंशीवर बसतो. तो आपोआप सांगतो की बस, आता पुरे. काचेने हा साक्षीदार अर्धाअधिक गप्प होतो आणि कानाचाही आवाज उतरतो. उरतात डोळे. आणि मोकळ्या, रुंद रस्त्यावर डोळ्यांजवळ पळणारं काही नसतंच. त्यातून सवयीचा भाग वेगळा. अर्धा तास ऐंशीने चालवल्यावर साठ म्हणजे रांगणं वाटतं, हे महामार्गावरून घोडबंदर गावाजवळ आत वळणारा कुणीही सांगेल. मोटारींच्या बाबतीत तर आवाज कमी केला की चालक आपला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे.

मालेगावकरांना आवाजाचं महत्त्व सांगायला नको. यंत्रमागाच्या कारखान्यात कारागीर डोळ्यांनी जेवढं बघतो तेवढंच कानांनी ऐकतो. खडखडाटाची लय बदलली की तो मान वळवतो. त्याच्या कानात कुणी कापूस घातला तर त्याला आराम वाटेल, पण तुटलेला धागा उशिरा कळेल. मी स्वतःच्या हाताने कानात, छातीत कापूस घातला होता.

भाषेचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट सुचते ती सांगतो. उर्दूत हवा म्हटलं की काम भागतं, स्थिर असो की वाहती. मराठीने दोन शब्द ठेवले, हवा आणि वारा. मोटरसायकलवर या दोन शब्दांमधलं अंतर अंगाला कळतं. जानेवारीच्या पहाटे हवा बिचारी जागच्या जागी उभी असते. आपण धावतो म्हणून तिचा वारा होतो. म्हणजे तोंडावर येणारा तो वारा आपल्याच वेगाचं माप आहे. उर्दूत जोरात धावणाऱ्या घोड्याला म्हणतात, हवा से बातें करता है. माझ्या गाडीवर बातचीत बंद झाली होती. मी बोलत होतो की नाही हेच मला ऐकू येत नव्हतं.

आता थोडं आपल्या गल्लीबद्दल. नया नगरात असो की भाईंदरला, दुचाकीच्या वेगाचा विषय निघाला की आपण सगळे एकाच दिशेला बोट दाखवतो: पोरं. शब-ए-बरातच्या रात्री शर्यती लावू नका, स्टंट करू नका, असं आवाहन पोलीस करतात, उलमा करतात, मशिदीतून सांगितलं जातं. दहीहंडीला आणि 31 डिसेंबरला दुसऱ्या पोरांसाठी दुसरे वडीलधारे तेच सांगतात. ते योग्यच आहे. इबादतच्या रात्री कुणाच्या घरी जनाजा जाऊ नये, यापरतं मागणं काय असणार? त्या पोरांना पाहिलं की मराठीतला वाक्प्रचार आठवतो, वारा प्यायलेलं वासरू. त्यांना वारा हवाच असतो. हेल्मेट न घालण्याचं खरं कारण पुष्कळदा तेच असतं.

पण माझं काय? मी वारा प्यायलेला नव्हतो. मला थरार नको होता, शर्यत नको होती. मी कोरड्या ओठांनी दुआ पुटपुटत, मुलाला मागे बसवून, सभ्यपणे 88 ने चाललो होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के. आणि एकूण मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे नोंदले गेले. एवढी सगळी स्टंटबाज पोरं असतील का? मला नाही वाटत. त्यांत माझ्यासारखे पुष्कळ असणार, ज्यांना आपण जोरात चाललो आहोत हेच ठाऊक नव्हतं. तरुणाला वारा चढतो, आणि आम्हा चाळिशीतल्यांना वारा नसल्याची गुंगी चढते. पहिल्यावर आपण खुतबे देतो. दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये असं मांडलं होतं की गाड्या सुरक्षित केल्या की लोक जास्त बेफिकीर चालवतात आणि मिळालेला फायदा गमावतात. त्यांच्या म्हणण्यावर पुढे खूप वाद झाले. सीटबेल्टने आणि हेल्मेटने जीव वाचतात हे नि:संशय आहे, आणि 2022 च्याच अहवालात हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वारांच्या मृत्यूंची संख्या 50,029 दिली आहे. म्हणून कुणी माझ्या लेखाचा अर्थ हेल्मेट काढा, काच फेका असा लावू नये. पण त्या मांडणीत एक बीज खरं आहे. जी सोय धोका कमी करते, ती वेगळी. जी फक्त धोक्याची जाणीव कमी करते, ती वेगळी. हेल्मेट पडल्यावरही कामाला येतं. काच पडल्यावर काही कामाची नाही. ती थकवा आणि गारठा कमी करते, एवढा तिचा खरा फायदा. तो घ्यावा, पण किंमत मोजून.

आपल्या शहरात अशा काचा वाढतच आहेत. खड्डे हे आपलं जुनं दुखणं, त्यांनी पाठीचे मणके मोडले आणि जीवही घेतले, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण सिमेंटचे रस्ते झाले, मेट्रोबरोबर उड्डाणपूल आले, आणि पूर्वी ज्या रस्त्यावर गाडी आपोआप तिशीत राहायची तिथे आज ती न कळत साठीला जाते. खालून शाळा सुटलेली मुलं रस्ता ओलांडतच असतात. रस्ता गुळगुळीत झाला की आणखी एक साक्षीदार गप्प होतो. तेव्हा उरलेल्या साक्षीदारांना जास्त विचारावं लागतं.

मी काच काढली नाही. बदल केले. पहिला, उंची. मोठी काच काढून मध्यम लावली. तिची वरची कड माझ्या हनुवटीच्या आसपास येते. आता मी काचेवरून बघतो, काचेतून नाही. मोठ्या काचेतून बघावं लागायचं, आणि चरे पडलेल्या काचेत समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा फुटून चांदण्या होतात, पावसात तर काहीच दिसत नाही. फार लहान काचही वाईट, वारा नेमका हेल्मेटवर आदळून डोकं हलवत राहतो. आणि मोठी काच आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते. वर्सोवा पुलावर खाडीचा वारा लागला की हे कळतं. दुसरा, काच पेट्रोलने पुसायची नाही, साबणाच्या पाण्याने धुवायची. पेट्रोलने ती ठिसूळ होते, बारीक तडे जातात. नटबोल्ट दर महिन्याला तपासायचे.

तिसरा, मीटर. पूर्वी मीटर शोभेला होतं. आता दर दोन-तीन मिनिटांनी नजर तिकडे जाते, आणि चांदवड ते पिंपळगाव सत्तरच्या वर काटा जाऊ देत नाही. अंदाजावर विश्वास नाही, तो खोटा ठरलेला साक्षीदार आहे.

चौथा बदल मुलासाठी. चांगलं जॅकेट आधी त्याला घेतलं, मला नंतर. मागे बसणाऱ्याला थंडी जास्त लागते हे आता ठाऊक झालं आहे. त्याच्याही डोक्यावर आयएसआय मार्कचं हेल्मेट असतंच. मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते बंधनकारक आहे. गल्लीत आपण पुढच्याने हेल्मेट घातलेलं आणि मागच्या बायको-मुलांचं डोकं उघडं, असं दृश्य रोज बघतो. घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःपुरती काच लावून घेण्याची ही आणखी एक तऱ्हा.

आणि पाचवा बदल सगळ्यात अवघड होता. त्या दिवशी मुलाने दोनदा थोपटलं, पण बोलला नाही. पिंपळगावला चहा पिताना मी विचारलं, ‘‘ओरडून सांगितलं का नाहीस?’’ तो खाली बघत म्हणाला, ‘‘तुम्ही रागावला असतात.’’ मी रागावलो असतो. मला ठाऊक आहे. वर्गात चाळीस मुलांना प्रश्न विचारा म्हणून सांगणारा मी, घरात गाडी कशी चालवायची हे दहावीच्या पोराकडून ऐकून घेतलं नसतं.

तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे. त्याने दोनदा थोपटलं की मी वेग कमी करायचा. कारण विचारायचं नाही, मीटर दाखवून हुज्जत घालायची नाही. कधी कधी तो उगाच थोपटतो, मी साठला असतानाही. मी पन्नासला येतो. पुढच्या महिन्यात पुन्हा मालेगावला जायचं आहे. अम्मीने फोनवर सांगितलं, इकडे थंडी वाढली आहे, सांभाळून या. जॅकेट धुऊन ठेवलं आहे, काच पुसून ठेवली आहे. मुलगा मागे बसणारच आहे.